अकरा किलो

काट्यावर चढण्याआधी मेकॅनिकबाईंनी चपला काढल्या, घड्याळ काढलं आणि मग जरा विचार करून खिशांतून दोन स्क्रूड्रायव्हर, एक छोटा पाना आणि सुयांची डबी काढून नर्सच्या टेबलावर ओळीने मांडली. नर्स बघतच राहिली. अजून काही आहे का, असं तिने विचारलं.

"आहे, पण ते इथे काढून ठेवता येणार नाही," बाई पोटावर हात ठेवून म्हणाल्या आणि काट्यावर उभ्या राहिल्या.

एक्क्याण्णव किलो भरले.

आत किडनीचे डॉक्टर कागद पसरून बसले होते. धाकट्या भावाशी रक्तगट जुळला होता, बाकीच्या तपासण्या जुळल्या होत्या, बाईंच्या दोन्ही किडन्या वयाच्या एकावन्नाव्या वर्षीही ठणठणीत होत्या. अडचण एकच होती. वजन ऐंशीच्या वर असलेल्या दात्याला हे हॉस्पिटल ऑपरेशनच्या टेबलावर घेत नव्हतं. धोका भावाला नाही, तुम्हाला आहे, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं.

"म्हणजे किडनी पास आणि मी नापास," बाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले, पण आकडा काही त्यांनी बदलला नाही. अकरा किलो. भावाच्या हातातली नस दमत चालली होती, डायलिसिसची सुई दोनदा अडली होती, तेव्हा फार तर पाच-सहा महिने हातात होते.

मेकॅनिकबाई तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनं दुरुस्त करत. एकशेवीस मशीनं आणि त्या एकट्या. कुठल्या मशीनचा टाका सुटतोय, हे त्या हॉलच्या दारातूनच आवाजावरून ओळखत. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. बाईंना खायला आवडायचं, आणि त्यांनी ते कधी लपवलं नव्हतं. हत्यारांच्या टेबलाचा वरचा खण सुट्या भागांचा आणि खालचा खण बिस्किटं, खारे दाणे, केक अशा खाऊचा होता. मशीन अडलं की आधी खालचा खण उघडायचा आणि मग वरचा, अशी त्यांची पद्धत होती.

भाऊ त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान, शाळेत भूगोल शिकवणारा. बारीक, अबोल, मोजूनमापून बोलणारा. साडेतीन वर्षं तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होता आणि उरलेल्या दिवशी शाळेत. बहिणीची किडनी घ्यायला त्याने दोन वर्षं साफ नकार दिला होता. शेवटी बाईंनी त्याला गाठून सांगितलं, लहानपणी तुझ्या वाटचं दूध मी चोरून प्यायचे ना, ते या किडनीतच साठलं असणार, तुझीच आहे, घेऊन टाक. यावर मास्तर 'हो' म्हणून गेले.

आता एवढं करून काटा आडवा आला होता.

पहिल्या महिन्यात बाईंनी आपल्या मनाने उपास केले आणि दीड किलो कमी केले. मग कारखान्यात कुणाचा तरी वाढदिवस आला आणि ते दीड किलो परत आले. तेव्हा किडनीच्या डॉक्टरांनीच त्यांना वजनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

डॉक्टरीणबाई वयाने मुलीएवढ्या होत्या, पण बोलणं सासूसारखं रोखठोक. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, रक्तदाब दोनदा मोजला, काय खाता ते वहीत लिहून घेतलं. लिहिता लिहिता पान उलटावं लागलं. मग त्यांनी एक गोळी लिहून दिली. रोज सकाळी एक, जास्तीत जास्त बारा आठवडे, त्यानंतर बंद.

"ही गोळी भूक मारते, चरबी नाही," त्या म्हणाल्या. "चरबी तुम्हालाच मारायची आहे. चालायचं, आणि मी लिहून देते तेवढंच खायचं. आणि दर आठवड्याला इथे यायचं. हिने रक्तदाब वाढू शकतो, छातीत धडधडू शकतं. तुम्ही किडनी देणार आहात, तेव्हा तुमचा रक्तदाब मला काचेसारखा जपायचाय. तो चढला आणि चढलेलाच राहिला, तर तुमचं वजन पन्नास असलं तरी ते तुम्हाला घेणार नाहीत. काही झालं तर लगेच सांगायचं. कळलं?"

कळलं, असं बाई म्हणाल्या.

गोळी सुरू झाली आणि चौथ्या दिवशी एक नवल घडलं. दुपारी दोन वाजता काज-बटणाच्या मशीनवरची बाई, जिला सगळे काजवालीच म्हणत, ती विचारायला आली की आज तुम्ही जेवलात कधी. मेकॅनिकबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. डबा पिशवीत तसाच होता. एकावन्न वर्षांत त्या पहिल्यांदाच जेवायचं विसरल्या होत्या. भूक कुणीतरी खटका दाबून बंद केल्यासारखी गेली होती. पाव समोर ठेवला तरी तो पाव आहे, एवढंच मनात यायचं.

तोंड मात्र सारखं कोरडं पडायचं आणि अंगात भलतीच तरतरी आली होती. बाईंनी तीन आठवड्यांत एकशेवीसच्या एकशेवीस मशीनं उघडून साफ केली, तेल घातलं, पट्टे बदलले. ज्या मशीनांना काही झालं नव्हतं तीही उघडली. पहाटे झोप उडायची म्हणून त्या कामावर यायच्या आधीच तासभर चालून यायच्या. कटिंगमास्तर म्हणाले, बाई, जरा दमानं घ्या, नाहीतर आमची कात्रीपण उघडाल.

पाच आठवड्यांत साडेपाच किलो उतरले. मग व्हायचं तेच झालं, गोळीची बातमी हॉलभर पसरली. कटिंगमास्तर ढेरीवरून हात फिरवत नाव विचारून गेले. काजवालीने तर हळूच येऊन अर्धी पट्टी मागितली. तिच्या थोरलीचं लग्न ठरलं होतं आणि फोटोत आपण नीट दिसावं एवढीच तिची इच्छा होती.

मेकॅनिकबाईंनी पट्टी पिशवीत खोल सारली. "अगं, तुझ्या मशीनची सुई मी ओव्हरलॉकच्या मशीनला लावते का?" त्या म्हणाल्या. "ही माझं हृदय तपासून माझ्या नावावर लिहिलीय. तुला हवी तर त्या डॉक्टरीणबाईंकडे जा. पण फोटोसाठी म्हणालीस तर ती तुला हाकलून देईल."

काजवाली दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी बोलायला लागली.

सगळं असं झकास चाललेलं असताना एक गोष्ट मात्र बिनसली होती, ती रविवारच्या जेवणाची. दर रविवारी दुपारी बाई भावाकडे जेवायला जात. भावाच्या ताटात सगळं मोजून असायचं. मीठ नावापुरतं, बटाटा दोन पाण्यांतून काढलेला, फळांना बंदी. तो स्वतः चार घास खायचा आणि बहीण जेवताना बघत बसायचा. बाई जेवताना बोलत, हसत, बोटं चाटत, आणखी मागत. मास्तर एकदा बायकोला म्हणाले होते, ताई जेवते तेव्हा माझं जेवण होतं.

आता बाई दोन घास खाऊन ताट सरकवायला लागल्या. भावजयीने आग्रह केला नाही. ती स्वभावाने शिस्तीची. बाईंच्या वजनाचा तक्ता तिनेच चौकटीच्या कागदावर काढून स्वयंपाकघराच्या दारावर लावला होता, आणि म्हणून बाई तिला लाडाने हेडबाई म्हणत. तक्त्यावरची रेघ छान खाली चालली होती. पण जेवणाच्या टेबलावर तिघंही भिंतीकडे बघत बसायची आणि पंधरा मिनिटांत जेवणं आटपायची.

सातव्या आठवड्यात बाईंना कारखान्याचा जिना चढताना धडधडलं. वरच्या पायरीवर त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि मग चपलेचा पट्टा तपासल्यासारखं करून पुढे गेल्या. दोन दिवसांनी एका मशीनच्या सुईतलं आणि हुकातलं अंतर बसवताना त्यांचा हात थरथरला. केसाएवढ्या अंतराचं काम. तीस वर्षांत हा हात कधी हलला नव्हता. बाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, दोन्ही हात मांडीखाली दाबून पाच मिनिटं बसल्या, आणि परत सुरुवात केली.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. काटा पंचाऐंशीवर होता. पाच किलो राहिले होते आणि गोळ्यांचे पाच आठवडे. हिशेब इतका सरळ बसत होता की त्यात धडधड घालायला जागाच नव्हती. डॉक्टरीणबाईंकडे जाताना त्या अर्धा तास आधी पोचायच्या, बाकावर डोळे मिटून बसायच्या, लांब श्वास घ्यायच्या, आणि आकडा कसाबसा हद्दीत यायचा. धडधडतं का, असं विचारलं की त्या नाही म्हणायच्या.

पण पुढच्या रविवारी पाण्याचा तांब्या उचलताना त्यांचा हात हलला आणि पाणी टेबलावर सांडलं. भावजय फडकं आणायला गेली. मास्तर उठले, कपाटातून रक्तदाबाचं मशीन घेऊन आले.

"ताई, हात दे इकडे."

"कशाला?"

"दे म्हणतो ना."

एकशे अठ्ठावन्नवर शंभर. नाडी एकशे सोळा. मास्तरांनी पाच मिनिटं थांबून दुसऱ्या हाताला लावलं. तेच आलं.

"किती दिवस चाललंय?"

"जिना चढताना फक्त रे."

"जिना सोडून बोल."

बाईंनी टेबलावरचं पाणी बोटाने एका बाजूला ओढलं. "आठ-दहा दिवस झाले," त्या म्हणाल्या. "पाचच किलो राहिलेत. पाच आठवडे. मग बंदच करायच्या आहेत."

"उद्या डॉक्टरीणबाईंना तू सांगतेस की मी सांगू?"

"त्या बंद करतील."

"करू देत."

"आणि मग तुझं काय?"

मास्तर सहसा आवाज चढवत नसत, आताही चढवला नाही. "मला तुझी किडनी पाहिजे," ते म्हणाले. "तुझ्याऐवजी नको."

बाईंना एकदम रडू आलं. रडता रडता त्यांनी सांगितलं की गोळी गेली की भूक येणार, आणि भूक आली की माझा काही भरवसा नाही. मी खाऊन टाकेन. माझ्या खाण्यापायी तू त्या डायलिसिसच्या मशीनला जन्मभर बांधलेला राहशील. मला ठाऊक आहे ना मी कशी आहे.

मास्तरांनी रक्तदाबाच्या मशीनचा पट्टा गुंडाळत सांगायला सुरुवात केली, आणि हे ते आजवर कुणालाच, बायकोलाही, कधी बोलले नव्हते. साडेतीन वर्षं त्यांना दिवसाला चार कप पाण्याची परवानगी होती. चहा, औषधं, सगळं त्यातच.

"तहान मारायची गोळी नसते गं," ते म्हणाले. "असती तर मी पण घेतली असती. पहिलं वर्ष मी तिच्याशी भांडलो. वर्गात मुलं बाटलीतनं घटाघटा प्यायची, तर मी खिडकीकडे तोंड करून शिकवायचो. मग हळूहळू कळलं, ती येते, वीस मिनिटं बसते आणि जाते. नको असलेल्या पाहुण्यासारखी. तिला हाकलायचं नाही, आणि तिला काही द्यायचंही नाही. बसू द्यायचं. तुझी भूक आली की मला फोन कर. आपण दोघं बसू."

दुसऱ्या दिवशी बाई अर्धा तास आधी न जाता वेळेवर गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या एखाद्या मशीनमधनं आवाज येतोय, आणि त्यावर बसलेली बाई म्हणाली की नाही येत, तर तुम्ही काय करता?"

"तिची खरडपट्टी काढते."

"मग मी काढली असं समजा."

गोळी त्याच दिवशी बंद झाली. आता रक्तदाब आपणहून खाली येतो की नाही, हे दोन आठवड्यांनी ठरायचं होतं. ते दोन आठवडे मेकॅनिकबाईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. पंधराव्या दिवशी चोवीस तास दंडाला पट्टा बांधून मोजणी झाली, आणि आकडे पहिल्यासारखे, काचेसारखे निघाले. बाईंच्या जिवात जीव आला.

आणि त्या जिवाबरोबर भूकही आली, नुसती आली नाही, सामानसुमान घेऊन आली. रस्त्यापलीकडच्या बेकरीची भट्टी किती वाजता उघडते, हे बाईंना आता डोळे मिटून कळू लागलं. झोपेत उकडलेली अंडी दिसायची. पहिल्या दिवशी तर तिची ओळख पटून बाईंना बरंच वाटलं, दूर गेलेलं घरचं माणूस परतावं तसं. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती घाम काढायला लागली.

सगळ्यात जोर दुपारी चारला असायचा. बाईंनी खालचा खण रिकामा करून त्यात सुट्या बॉबिन भरल्या होत्या, तरी हात सवयीने तिकडे जायचा. चार वाजले की त्या हॉलच्या कोपऱ्यात जाऊन भावाला फोन लावत. त्याची शाळा तेव्हाच सुटायची.

"आली का?" तो विचारायचा.

"आलीय."

"बसलीय?"

"ठाण मांडून."

"बसू दे. माझ्याकडे पण आलीय."

मग दोघं आपापल्या जागी बसायची आणि इकडचं तिकडचं बोलायची. तो कधी नद्या सांगायचा, कधी ती मशीनच्या खोड्या सांगायची. वीस मिनिटांनी फोन ठेवायचा. हॉलमधल्या बायकांना बरेच दिवस वाटत होतं की बाईंच्या घरी कुणीतरी चिवट पाहुणी येऊन राहिलीय. काजवालीने तर विचारलंही, अजून गेल्या नाहीत का हो त्या?

शनिवारी दोघं शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारत. मास्तर तीन फेऱ्यांत दमायचे आणि पायरीवर बसायचे. बाई बारा मारायच्या. हेडबाई तक्ता घेऊन उभी असायची. आता रेघ पहिल्यासारखी सरसर उतरत नव्हती. आठवड्याला पाऊण किलो, कधी तेवढाही नाही. ब्याऐंशीवर काटा रुसून बसला तो दोन आठवडे हलला नाही. एका आठवड्यात तर तो वर गेला. बाईंनी कबूल केलं की बेकरीवरून जाताना पाय वळले आणि दोन बन खाल्ले, उभ्या उभ्या. भावजयीने तक्त्यावर वर जाणारी रेघ काढली आणि पेन्सिलीने शेजारी लिहिलं: दोन बन. ते वाचून मास्तर इतके हसले की त्यांना खोकला लागला, आणि मग बाईही हसल्या.

रविवारच्या जेवणात मात्र जान परत आली होती. बाईंच्या ताटात आता मोजूनच असायचं, भावाच्याही. पण बाई ते थोडकं असं काही मन लावून खायच्या, एकेक घास असा काही घोळवायच्या, की मास्तरही पुन्हा समोर बसून बघायला लागले.

गोळी बंद झाल्याला अकरा आठवडे झाले तेव्हा बाई पुन्हा हॉस्पिटलच्या काट्यावर उभ्या राहिल्या. एकोणऐंशी किलो सहाशे ग्रॅम. नर्सने आकडा मोठ्याने वाचला, बाईंनी तो तिला पुन्हा एकदा वाचायला लावला. किडनीच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, कागद चाळले आणि तारीख दिली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दोघांच्या खाटा एकाच पॅसेजमधून गेल्या. मास्तरांनी हात उंचावला. बाईंनी ओरडून विचारलं, आली का रे? आणि ते खाटेवरच हसायला लागले.

नवी किडनी टेबलावरच कामाला लागली. संध्याकाळी भावजय बाईंच्या वॉर्डात आली ती रडत आणि हसत, एकदमच. तिने फोनवरचा फोटो दाखवला. लघवीने भरलेली पिशवी होती, दुसरं काही नाही. जवळजवळ चार वर्षांत मास्तरांच्या शरीराने हे काम केलं नव्हतं. बाईंनी गुंगीतच तो फोटो बारकाईने पाहिला.

"चांगली चाललीय," त्या म्हणाल्या, नुकत्याच जोडलेल्या मशीनबद्दल म्हणावं तसं.

तिसऱ्या दिवशी मास्तरांचा खालच्या मजल्यावरून फोन आला. आता दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि त्यांची तक्रार होती की तिसरा लिटर काही केल्या संपत नाही. बाईंनी त्यांची खरडपट्टी काढली. टाके दुखत होते, तरी काढली.

दहा आठवड्यांनी मेकॅनिकबाई कामावर आल्या. वजन उचलायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून मशीनचं डोकं उलटायला दोघी पुढे आल्या. बाईंनी कामाचा खाकी कोट अंगात घातला तर तो खांद्यावरून ओघळला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या बटणांमधून श्वास घेता येत होता. काजवालीने तो अंगावरून काढूनच घेतला, उलटा केला, दोन्ही बाजूंना टाचण्या लावल्या आणि मशीनवर बसली. बाई शेजारच्या स्टुलावर टेकल्या. डाव्या कुशीत अजून ओढ लागत होती, तिथे त्यांनी हात ठेवला.

दोन्ही शिवणी मारून झाल्यावर काजवालीने कात्री उचलली. "आतलं जास्तीचं कापड कापून टाकू का हो? चार बोटं आहे. उगाच जाड लागेल."

बाईंनी कोट हातात घेतला, शिवणीच्या आतून अंगठा फिरवून पाहिला.

"नको," त्या म्हणाल्या. "माया राहू दे आत."

काजवालीने कात्री ठेवली, वरून एक सरळ टीप मारली आणि कोट परत दिला. बाईंनी तो घातला, बटणं लावली आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला एका मशीनचा टाका सुटत होता, तिकडे चालायला लागल्या.